औषधाच्या दुकानातली सून

माझं सासर घाटनांदूरचं. घराच्या पुढच्या अंगाला खत-बियाणं आणि औषधांचं दुकान, मागच्या अंगाला आम्ही राहायचो. औषध म्हणजे कीटकनाशक. आमच्याकडे त्याला वेगळा शब्दच नाही. माणसाच्या तापावर घेतात तेही औषध आणि कपाशीवर मारतात तेही औषध. मी परभणीला कीटकशास्त्र शिकून एका संशोधन केंद्रात नोकरीला लागले होते, तेव्हा हे स्थळ सांगून आलं. मुलगा हायस्कूलात गणित शिकवतो, दुकान धाकटा भाऊ बघतो, माणसं लिंगायत, सरळ. सासरे मला बघायला आले तेव्हा चहा पिता पिता त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे किड्यांचीच डॉक्टर म्हणा की?" मी हो म्हटलं आणि ते खूश झाले. औषधाच्या दुकानाला अशी सून शोभणारच होती.

पहिली काही वर्षं खरंच शोभली. रविवारी मला सुट्टी असे. शेतकरी कपाशीची फांदी, तुरीची शेंग, कधी रुमालात बांधलेली जिवंत अळी घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. मी आतून हात पुसत यायची, पानं उलटीपालटी करून बघायची आणि सांगायची. दीर गल्ल्यावरून ऐकत असायचा. तो माझ्याहून लहान, बोलका, अंगाने दणकट. "वहिनी, तुमी आल्यापासनं गिऱ्हाईक लई वाढलं बगा," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा, आणि मला ते आवडायचं.

तो काळ खुल्या आर्थिक धोरणाचा होता. आमच्या गावात तो आला औषधांच्या डब्यांवरून. पूर्वी दुकानात चार-दोन ओळखीची नावं असायची. आता दर महिन्याला नवी कंपनी, नवी बाटली, नवा रंग. जीपवर भोंगा लावून माणसं येत. भिंतीवर घड्याळ लागलं, त्यावर कंपनीचं नाव. सालगड्यांच्या डोक्यावर कंपनीच्या टोप्या आल्या. एका हंगामात दिराने इतका माल उचलला की कंपनीने त्याला बाकीच्या दुकानदारांबरोबर विमानाने सिंगापूरला फिरवून आणलं. घरातला विमानात बसलेला तो पहिला माणूस. तिथला कोट घातलेला फोटो दुकानात बसवण्णांच्या तसबिरीशेजारी लागला.

केंद्रात माझं काम बोंडअळीवर होतं. ही हिरवी अळी कपाशीच्या बोंडात तोंड घालून आतला सगळा गाभा खाते. ती पिकाची वैरीण, आणि मी तिला पाळायची. हरभऱ्याच्या पिठाचं खाणं शिजवायचं, थंड करून छोट्या बाटल्यांत ओतायचं आणि प्रत्येक बाटलीत एकच अळी सोडायची. दोन ठेवल्या तर एक दुसरीला खाते. घरी पिठलं आणि केंद्रात अळ्यांचं खाणं, दोन्हीकडे एकच पीठ. सासूबाईंना हे एकदा हसत सांगितलं तर त्यांनी जेवता जेवता हात थांबवला. पुन्हा सांगितलं नाही.

पुढे एका हंगामात वडवणी, धारूर, धर्मापुरी अशा वेगवेगळ्या भागांतून आणलेल्या अळ्यांवर आम्ही औषध तपासायला घेतलं. बाजारात सगळ्यात जास्त खपणारं. अळीच्या पाठीवर औषधाचा बारीक थेंब सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी ती मेली की जिवंत ते बघायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोली उघडली तर बाटल्यांमध्ये हालचाल चालू होती. थोड्या मेल्या होत्या, बाकीच्या खात होत्या. मला वाटलं औषध जुनं असेल. नवी बाटली आणली. मग वाटलं माझा हात चुकला असेल, म्हणून सहकाऱ्याला करायला लावलं. मग मात्रा वाढवली. अळ्या थोडा वेळ वळवळायच्या, सुस्त पडायच्या, आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा पिठाला तोंड लावायच्या. वर्षानुवर्षं तेच औषध मारून मारून त्यातून वाचलेल्यांची ही पोरं-नातवंडं होती. पुस्तकात वाचलेलं होतं. पण तेच औषध आमच्या दुकानात खोक्यांनी भरलेलं होतं आणि शेतकरी एकाच आठवड्यात ते दुसऱ्यांदा विकत न्यायला येत होते.

केंद्रातले मोठे साहेब वाईट नव्हते. त्यांनी सगळं नीट बघितलं. म्हणाले, "अहवाल वर पाठवू. तोवर मेळाव्यात औषधावर बोलायचं नाही. अळीचं जीवनचक्र सांगा आणि खाली बसा."

मी तसंच करणार होते. वडवणीला बाजाराच्या दिवशी मेळावा होता. मंडपाचा खर्च एका औषध कंपनीने केलेला. मी अंडी, अळी, कोष, पतंग असं सगळं सांगून माइक ठेवत होते, तेवढ्यात मागून एक शेतकरी उठला. हातात रिकामी बाटली. म्हणाला, "बाई, चक्र कळलं. हे औषध चार डाव मारलं, तरी अळी हाय तशीच हाय. कावून मरत न्हाई, एवढं सांगा."

मी साहेबांकडे बघितलं. ते हातातल्या कागदाकडे बघत होते. मी माइक पुन्हा उचलला आणि म्हटलं, "आपल्या भागातल्या अळीवर हे औषध आता चालत नाही. आम्ही तपासलंय. मात्रा वाढवून उपयोग नाही. मारू नका."

पुढे अळ्या टिपणाऱ्या पक्ष्यांना बसायला काठ्या, सापळे, निंबोळीचा अर्क, किडीला खाणारे परभक्षी किडे असं बरंच बोलले, पण ते कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. मंडपात कंपनीचा माणूस होता. आमच्या दुकानाला माल देणारा तोच. मी एसटीने घरी पोहोचेपर्यंत दुकानात फोन येऊन गेला होता.

दीर ओरडला नाही. गल्ल्यावरून उठला, शटर अर्धं खाली ओढलं आणि मागच्या खोलीत आला. सासरे खाटेवर बसलेले होते.

"वहिनी, आपलंच दुकान तुमी पाडायला निघाल्या?"

"मी दुकानाचं नाव काढलं नाही. औषध चालत नाही एवढं सांगितलं."

"दुकानात दुसरं हाय काय?"

माझे मिस्टर मधे पडले. "मग काय खोटं सांगायचं का तिनं?"

"खोटं कोण म्हणतंय, दादा? पण काचंच्या बाटलीतली अळी येगळी, रानातली येगळी. आपल्या रानात मारून दावतो. लोकं बगतील. दोन औषधं मिसळून मारतो, कशी न्हाई मरत ते बगू."

सासरे म्हणाले, "मारून बगू दे त्याला." त्या घरात सासऱ्यांनी म्हटलं की विषय संपायचा.

दोन नाही, त्याने तीन औषधं मिसळली. त्यातलं एक फार जहाल होतं. कातडीतून अंगात जाणारं. मी त्याला सांगितलं, ऊन चढायच्या आत उरक, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल, तोंडाला फडकं बांध, वाऱ्याकडे पाठ कर. तो हसला. "मी रोज इकतो, वहिनी. मला नका शिकवू." फवारणीच्या गड्याला आदल्या आठवड्यात चक्कर आली होती, तो आला नाही. मग दिराने स्वतःच इंजिनाचा पंप पाठीला लावला. दुकानदार माणूस, पंप उचलून वर्षं झाली असतील. बांधावर आठ-दहा शेतकरी बघायला जमले होते. मी केंद्रात गेले होते. पुढचं सगळं नंतर ऐकलेलं.

पंप गळका होता. पाठ भिजली. त्याने थांबायचं नाव घेतलं नाही, कारण लोक बघत होते. दुपारच्या उन्हात दुसऱ्या टाकीच्या मध्यावर तो बांधाशी येऊन बसला, म्हणाला डोळ्यापुढं धुरकट दिसतंय, आणि ओकला.

मी घरी आले तेव्हा त्याला नुकतं ओसरीवर आणून टाकलं होतं. घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती, मांडीचे स्नायू कातडीखाली उड्या मारत होते. मी पापणी वर करून बघितलं. डोळ्यातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झालेला. तो शर्ट कात्रीने कापून काढला आणि त्याला साबणाने धुवायला लागले. सासूबाई ओरडत होत्या की पोराला उन्हाचा झटका बसलाय, कांदा आणा. मी कांदा घेऊ दिला नाही. हे औषध किड्याच्या नसांवर जसं चालतं तसंच माणसाच्या नसांवर चालतं, हे मी केंद्रात प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं होतं. त्या ओसरीवर मला ती आकृती डोळ्यांपुढे दिसत होती आणि हात साबणाने घसरत होते.

शेजाऱ्याच्या जीपमध्ये घालून अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेलं. जाताना मी तिन्ही बाटल्या पिशवीत घेतल्या. डॉक्टरांनी लेबलं वाचली आणि लगेच सुया सुरू केल्या. फवारणीच्या दिवसांत त्या वॉर्डात असे पेशंट रोजचे असत. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तिने नुसतं फवारलेल्या रानात गवत कापलं होतं.

दीर वाचला. वाचणार हे कळलं त्या सकाळी सासूबाई माझ्याजवळ व्हरांड्यात येऊन बसल्या. मला वाटलं हात धरतील. त्या समोर बघत म्हणाल्या, "तू मंडपात बोलली नसतीस तर त्यानं पंप उचलला नसता." आणि उठून गेल्या. ते खरंही होतं आणि नव्हतंही.

तो दवाखान्यात असतानाच मी एकदा आमच्या रानात जाऊन आले. कपाशीच्या ओळींमधून चालले. मावा खाऊन पीक राखणारे ढालकिडे पानांवर उताणे पडले होते. कोळी जाळ्यात आखडून लटकत होते. जमिनीवर एक मधमाशी गोल गोल फिरत होती. मी एक बोंड फोडलं. आत अळी होती, गुबगुबीत, डोकं आत खुपसून खात बसलेली. दुसरं फोडलं, त्यातही होती.

दीर घरी आला, पण पूर्वीचा राहिला नाही. पायाला मुंग्या, हाताला कंप. चहाची बशी धरली की चहा सांडायचा. गल्ल्यावर बसला की गिऱ्हाइकांना त्याचे हात दिसायचे, म्हणून त्याने बसणं सोडलं. सासरे पुन्हा दुकानात बसू लागले आणि तीच औषधं विकू लागले. सिंगापूरचा फोटो कुणी काढला माहीत नाही. एके दिवशी भिंतीवर नुसता खिळा होता.

केंद्रात माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. तो दिला, आणि पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली रेशमाच्या कामावर झाली. शिक्षा म्हणून झाली असेल, पण मला हायसं वाटलं. किडे मारण्याचं काम माझ्याच्याने होईना. अळीच्या पाठीवर थेंब सोडताना मला ओसरीवरची ती पापणी आठवायची.

रेशमाच्या प्रशिक्षणासाठी मला कर्नाटकात पाठवलं. तिथे कोष गरम पाण्यात घालून धागा काढला की आतला मेलेला किडा उरतो. त्याचे ढीग पडायचे आणि दुपारपर्यंत वास सुटायचा. आमच्याबरोबर नागालँडहून आलेली एक मुलगी होती. ती रोज ताजे किडे निवडून धुवायची आणि हॉस्टेलच्या स्टोव्हवर मिरची-आलं घालून परतायची. पहिल्या दिवशी सगळ्यांनी खोली सोडली. मी थांबले. तिने तोडक्या हिंदीत विचारलं, "दीदी, इतनी अच्छी चीज आप लोग फेंकते क्यों हो?"

मी जन्मात अंडं खाल्लेलं नव्हतं. पण किड्यांवर आयुष्य काढलेल्या बाईला ते खायची किळस वाटावी, हे मला पटेना. मी एक तोंडात टाकला. वरून कुरकुरीत, आत उकडलेल्या शेंगदाण्यासारखा मऊ. वाईट नव्हता. तिथल्या ग्रंथालयात बसून मी वाचायला लागले. जगात किती ठिकाणी लोक टोळ, वाळवी, अळ्या खातात, त्यात डाळीपेक्षा जास्त सत्त्व कसं असतं, सगळं. माझ्या शिक्षणात किडा म्हणजे वैरी किंवा मित्र, दोनच रकाने होते. अन्न हा रकाना कुणी काढलाच नव्हता.

परत येऊन मी केंद्रात ते काम सुरू केलं. आधी कोंबड्यांसाठी. किडे वाळवायचे, दळायचे, भरड्यात मिसळायचे. कोंबड्यांनी काही तक्रार केली नाही. मग माणसांसाठी त्याचं पीठ कसं टिकवता येईल ते बघायला घेतलं. एका बैठकीत मी याबद्दल बोलले. तिथे स्थानिक पेपरचा एक वार्ताहर होता. दोन दिवसांनी आतल्या पानावर बातमी आली. मथळा असा की बाई अळ्या खातात आणि लोकांनाही खा म्हणतात.

सासूबाईंना वाचता येत नव्हतं. शेजारणीने वाचून दाखवलं. मी संध्याकाळी आले तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवलेला.

"खाल्लंस का तू?"

"खाल्लं, आत्याबाई."

"मग आता हितं शिवू नको कशाला. देवघरात बी यायचं न्हाई."

मी म्हटलं, "आपल्या दुकानातून रोज किती किडे मारायला औषध जातं. ते चालतं आपल्याला."

"ते पिकासाठी असतंय. आपण त्यांना ताटात घेत न्हाई." त्या अजिबात चिडल्या नव्हत्या. "माझं आयुष्य या अन्नात गेलंय बाई. तुझं शास्त्र मला कळत न्हाई. माझं अन्न बाटवू नको."

माझ्यासाठी मागच्या पडवीत वेगळा स्टोव्ह आला. मिस्टर सुरुवातीला माझ्याबरोबर पडवीत जेवायचे, मग एकदा आईबरोबर, एकदा माझ्याबरोबर, मग बहुतेक आईबरोबर. मी त्यांना दोष दिला नाही, पण पानं वाढून वाट बघणं सोडून दिलं. वर्षभराने आम्ही अंबाजोगाईला भाड्याच्या खोल्या घेतल्या. मिस्टरांची शाळा जवळ पडते, असं लोकांना सांगितलं.

त्या दिवसांत घरातला एकच माणूस माझ्याकडे येत होता, तो म्हणजे दीर. एकदा येऊन बसला आणि म्हणाला, "वहिनी, एक खरं सांगा. त्या दिवशी मी मारलं, तवा अळ्या मेल्या का न्हाई?"

इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. बोंड फोडून बघितलं तेही सांगितलं. त्याने आपले हात पुढे धरून बघितले. मग म्हणाला, "मला तुती लावायचीय. हे हात पाला तोडायला पुरतील."

त्याने विहिरीजवळच्या तुकड्यात तुती लावली, रेशमाच्या अळ्यांसाठी पत्र्याची शेड घातली. त्याची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, आणि तो दोघं पाला टाकायचे. रेशीम अळ्या पांढऱ्या, मऊ, थंडगार लागतात. त्यांच्यावर पाला टाकताना दिराचा हात कापत असला तरी तो एकही अळी चेंगरू देत नसे. कोष करायला चार दिवस उरले असताना जाऊबाईंचा मला फोन आला. मी पहिल्या गाडीने गेले.

शेडमधल्या सगळ्या अळ्या माना वर करून डोलत होत्या. तोंडातून हिरवट पाणी येत होतं. अंग आखडून निम्म्या झालेल्या. शेजारच्या रानात आदल्या दिवशी कपाशीवर फवारणी झाली होती, वारा तुतीकडे होता, आणि तोच पाला पहाटे तोडून टाकला होता. शेजाऱ्याने औषध आमच्याच दुकानातून नेलं होतं. सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने दिलं होतं. त्यात कुणाची चूक म्हणायची?

दीर शेडच्या दारात उकिडवा बसला होता. "वहिनी, माझं बी असंच झालं होतं ना त्या दिवशी?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं.

अळ्या पुरायला खड्डा खणला. टोपल्या भरून नेत असताना सासूबाई आल्या. त्या तोवर शेडकडे कधी फिरकल्या नव्हत्या. कोष उकळतात म्हणून हा धंदाच त्यांना पसंत नव्हता. त्यांनी पदर खोचला आणि एक टोपलं उचललं. आम्ही दोघींनी मिळून खड्डा भरला. काही अळ्या अजून हलत होत्या. त्या म्हणाल्या, "ह्यांना तर मारायचं बी नव्हतं कुणाला." मग विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं आणि घरात गेल्या. मी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले. त्यांनी आतून तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं, आणि उंबऱ्याच्या आतच उभ्या राहिल्या. मीही आत गेले नाही.

पुढे बोंडअळीला मारक असं कपाशीचं नवं बियाणं आलं. बोंडअळी काही वर्षं कमी झाली आणि दुकान औषधांऐवजी बियाण्याच्या पाकिटांवर चाललं. खाण्याच्या किड्यांवरचं माझं काम साहेब बदलले तसं बंद पडलं. नव्या साहेबांनी विचारलं, "हे खाणार कोण?" माझ्याकडे उत्तर होतं, पण त्यात आमच्या घरातलं कुणी नव्हतं. दिराने तुतीच्या बांधाला शेवरीची दाट रांग लावली, वारा अडावा म्हणून, आणि शेजाऱ्याच्या हातापाया पडून फवारणीच्या आदल्या दिवशी निरोप द्यायला लावलं. कधी निरोप येतो, कधी विसरतात. निरोप आला नाही की दीर पहाटे तुतीचं एक पान तोडून आधी चार अळ्यांना घालतो आणि त्या नीट खातायत का, हे बघत शेडमध्ये बसून राहतो.